देवमाशासाठी जहाज हळू केलं तर द्राक्षं नासतील का?

देवमासे वाचवायला म्हणे जहाजं हळू चालवायची, मग आमच्या मालाचं काय? निफाड-पिंपळगावकडचे द्राक्षवाले हे हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. म्हणून हिशेबच मांडू या.

असा एक सक्तीचा नियम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. 2008 पासून तिथे 65 फूट किंवा त्याहून लांब जहाजांना ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक महिन्यांत 10 नॉटच्या वर जाता येत नाही. म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. कारण तिथले राइट व्हेल जातीचे देवमासे जेमतेम पावणेचारशे उरलेत. जुन्या धडकांचा 2007 साली अभ्यास झाला. 15 नॉटला धडक बसली तर देवमासा मरण्याची शक्यता 80 टक्क्यांच्या आसपास, 12 च्या जरा खाली आलं की निम्मी, 9 च्या खाली 20 टक्के. तो पृष्ठभागालगत चरत असतो आणि पुष्कळदा बाजूला होतच नाही. मोठ्या जहाजाचं इंजिन मागे असतं, नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, पुढे त्याचा आवाज कमी पोचतो. वर कंटेनरची चळत. नाळेपुढचं 500 मीटरपर्यंतचं पाणी ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या खोलीतून, दिसलं नाही तरी नियमात बसतं. दिसला तरी असं जहाज थांबायला किलोमीटरच्या वर अंतर घेतं. त्यामुळे ‘बघून वाचवू’ हे होत नाही. वेग आधीच कमी हवा.

आता पैसे. 16 नॉटने जाणाऱ्या जहाजाला वाटेत 60 सागरी मैलांचा 10 नॉटचा पट्टा लागला असं धरा. पावणेचार तासांऐवजी सहा तास लागले, उशीर सव्वादोन तासांचा. पुढे 3000 मैल बाकी असतील तर 16 ऐवजी 16.2 नॉट धरले की तो भरून निघतो. मैलामागचं इंधन साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून त्या 3000 मैलांवर अडीच टक्के जास्त जळेल, साधारण 75 मैलांचं. पण हळू पट्ट्यात 36 मैलांचं वाचलेलं असतं. निव्वळ भुर्दंड 40 मैलांच्या इंधनाचा, आणि तो हजारो कंटेनरांत वाटला जातो.

द्राक्षाला हे सव्वादोन तास कळतही नाहीत. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा वाढले ते दिवस, दहा-चौदा. माल बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच: प्री-कूलिंगमध्ये, म्हणजे भरण्याआधी माल थंड करताना, मण्याच्या गराचं तापमान शून्य-एक अंशावर यायच्या आत पेट्या भरल्या, तर रीफर, म्हणजे थंड कंटेनर, तो गारवा नंतर देऊ शकत नाही. रीफर थंडी टिकवतो, गरम माल झटपट थंड करणं त्याचं काम नाही. मग पेटीत पाणी सुटतं, ग्रेप गार्डमधला (बुरशी रोखायला पेटीत ठेवतात त्या कागदातला) वायू एकदम बाहेर पडतो आणि मणी पांढुरके पडतात.

खरा धोका वेगळाच आहे. हळू पट्टा वेळापत्रकात धरलेला नसला तर पायलटची (जहाज बंदरात आणणाऱ्या वाटाड्याची) आणि बर्थची (धक्क्यावरच्या जागेची) वेळ चुकते, आणि दोन तासांचा उशीर दिवसावर जातो. म्हणून पट्टे आणि महिने आधी जाहीर हवेत, रोज बदलणारे नकोत. वादळवाऱ्यात जहाज सुकाणूला जुमानेनासं झालं तर कप्तानाला वेग वाढवायची मुभा हवी. अमेरिकेच्या नियमात ती आहे, लॉगबुकात कारणासह नोंद करावी लागते.

लहान बोटींची तक्रार मात्र मला खरी वाटते. 2022 मध्ये हीच मर्यादा 35 फुटी बोटींपर्यंत आणायचा प्रस्ताव आला. पायलट बोटी पाण्यावर उचलून पळायला बांधलेल्या असतात; 10 नॉटला त्या लाटेत नाक खुपसतात आणि शिडी धरणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात येतो. मासेमारीच्या सहली नेणाऱ्यांचा अर्धा दिवस जाण्यायेण्यात जातो. लहान बोटीच्या धडकेनेही पिल्लं मेली आहेत, तरी सरसकट नियमाऐवजी बोटीगणिक विचार व्हायला हवा होता. जानेवारी 2025 मध्ये प्रस्ताव मागेच घेतला गेला. हे वाईट झालं.

जिथे वाट बदलता येते तिथे वेगाला हात लावायचीही गरज नसते. लासलगावचा कांदा मलेशिया-सिंगापूरला जातो तो श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंद्रा हेडला वळसा घालून. निळे देवमासे नेमके तिथेच असतात. वाट 15 सागरी मैल दक्षिणेला सरकवली तर धोका पुष्कळ घटतो, आणि अंतर थोडंच वाढतं. एमएससी या जहाज कंपनीने 2022 पासून ते सुरू केलं. पुढचं बुकिंग करताना फॉरवर्डरला (माल पाठवणाऱ्या एजंटला) विचारा: आपलं जहाज दोंद्राच्या आतून जातं की बाहेरून?