रविवारी संध्याकाळी मेस बंद

लातूरला अकरावी-बारावी केलेल्या कुणालाही विचारा, आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा वार कोणता. रविवार. दुपारी मेसमध्ये फीस्ट, म्हणजे पुरी, बटाट्याची भाजी आणि मोजून दोन गुलाबजाम. संध्याकाळी मेसला कुलूप. त्या एका वेळेला जे काय पोटात जायचं ते शहराच्या जिवावर.

मी 2002 ते 2004 तिथं होते. होस्टेलचं गेट संध्याकाळी सातला बंद व्हायचं आणि रविवारसाठी माझ्याकडं वीस रुपये असायचे. त्यामुळं माझं लातूर म्हणजे पाच ते सात या वेळात, चालत जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावरचं आणि वीस रुपयांत बसणारं. ज्या हॉटेलांत पोरं तासन् तास चहावर बसायची, तिथं आम्ही मुली फक्त पार्सल घ्यायला जायचो, तेही तिघी-चौघी मिळून. आत 'फॅमिली रूम' अशी पाटी असायची आणि तिच्यावर कळकट पडदा. त्या पडद्यामागं काय मिळतं हे आम्हाला दोन वर्षांत कळलं नाही.

यंदा जूनमध्ये भाचीला अकरावीला सोडायला जायचं ठरलं. खरं तर दादाच जाणार होता, पण ऐन वेळेला पाऊस झाला. "वापसा झालाय, सोयाबीन टाकायचंय. तू जा की," एवढंच म्हणाला. मी सोलापूरहून निघाले, गावाकडून पोरीला गाडीत घातलं आणि तुळजापूरला आईचं बाहेरूनच दर्शन घेऊन लातूरच्या रस्त्याला लागले. नेमका रविवार होता. वाटेतच मी तिला सांगून टाकलं, आज रात्री होस्टेलवर जायचं नाही. लॉजवर राहू, उद्या सकाळी तुला सोडते. आज मला माझी जुनी उधारी फेडायचीय.

पहिली उधारी उजनीची. उजनी म्हटलं की लोकांना भीमेवरचं धरण आठवतं. ही ती नव्हे. ही औसा तालुक्यातली, रस्त्यावरचं छोटं गाव, आणि तिचं नाव चालतं ते बासुंदीवर. अण्णा मला भेटायला यायचे तेव्हा एसटी इथं थांबायची आणि ते कडीच्या डब्यात बासुंदी घेऊन यायचे. डबा होस्टेलवर आला की खोलीतल्या आठ जणी चमचे घेऊन तयारच असायच्या. माझ्या वाट्याला दोन चमचे, त्यातला एक डबा खरवडून. म्हणजे दोन वर्षं उजनीची बासुंदी खाऊनही मी वाटीभर बासुंदी कधी खाल्लीच नव्हती.

हॉटेल साधंच. लोखंडी टेबलं, भिंतीवर देवीचा फोटो, पुढं मोठी कढई आणि तिच्यापुढं झारा फिरवत बसलेला माणूस. हा झारा थांबला की संपलं. दूध खाली धरतं आणि करपल्याचा वास एकदा लागला की सगळी कढई गेली. म्हशीचं दूध तिसऱ्या हिश्शावर येईस्तोवर हलवत राहायचं आणि साखर अगदी शेवटाला, नाहीतर बासुंदी पातळ पडते, असं त्यानंच सांगितलं. मी विचारलं, आपल्या देवणी गाईचं दूध नाही का वापरत? देवणी ही याच जिल्ह्यातली जात, दुधालाही चालते आणि औतालाही. तो हसला. "ताई, गाईच्या दुधाची साय कुठं एवढी धरायलीय? ते घरी लेकराला ठेवायचं."

वाटी आली. रंग पांढरा नाही, फिकट बदामी. सायीचे धागे दाताखाली येतात, पण रबडीसारखी लगदा झालेली नाही, चमच्यावरून सावकाश ओघळते. वेलदोडा आहे की नाही असं वाटावं इतकाच. आणि अर्ध्या वाटीत माझी जीभ जड झाली. वीस वर्षं ज्या वाटीची वाट बघितली ती संपेना. भाचीनं तिची संपवली, मग माझी ओढून घेतली. म्हणाली, "आत्या, तुला दोन चमच्याचीच सवय आहे." अर्धा किलो बांधून घेतली आणि निघालो.

होस्टेलची फी, फोटो, आधार कार्डाच्या झेरॉक्स, गादी, बादली-मग, यातच चार वाजले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फक्त एवढंच की गेट आता साडेआठला बंद होतं. मला पोरीचा हेवा वाटला.

पाच वाजता, म्हणजे माझ्या जुन्या वेळेला, आम्ही गंजगोलाईत होतो. 1917 साली बांधलेली ही गोल बाजारपेठ, मध्यभागी जगदंबेचं देऊळ आणि चारी अंगांना फुटलेले सोळा रस्ते. सराफा एका रस्त्याला, कापड दुसऱ्या, भांडी, चपला, मसाले, भुसार, जो तो आपापल्या रस्त्याला. नवख्या माणसाला गोलाईत एकच अडचण, ती म्हणजे आपण कुठून आत आलो हे लक्षात राहत नाही. मी तर दोन वर्षं राहिलेली बाई, मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "चल, लस्सीचं दुकान दाखवते." पहिल्यांदा भांड्यांच्या गल्लीत निघालो. परत देवळाशी. दुसऱ्यांदा चपला. तिसऱ्या फेरीला भाची म्हणाली, "आत्या, तू रस्ते मोजायलीस का?" शेवटी एका बांगडीवाल्या मावशींनी हात करून दाखवलं.

लस्सीचं दुकान होतं, पण ते तेच होतं का हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पाटी नवी, फरशी नवी, गल्ल्यावर मुलगा की नातू कोण जाणे. लस्सी मात्र ओळखीची वाटली. दही घट्ट, बर्फ बेताचा, वर साईचा जाड थर आणि तो काढायला आधी चमचा द्यायची पद्धत. जुन्या काळी आम्ही एका ग्लासात दोघी प्यायचो आणि साय कुणी खायची यावर भांडायचो. मी गल्ल्यावरच्याला विचारलं, स्टीलचे मोठे ग्लास असायचे ना तुमच्याकडं? तो म्हणाला, "दुष्काळात गेले ते. धुवायला पाणी कुठं होतं? तवापासून कागदाचेच." 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं गेलं, ते देशभर टीव्हीवर दिसलं. स्टीलच्या ग्लासांचं काय झालं ते मात्र गल्ल्यावरच्या माणसालाच विचारावं लागतं. कागदी ग्लासात लस्सी थोडी कमी थंड लागते. पण त्याला नावं ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

गोलाईतून बाहेर पडताना मसाल्याच्या रस्त्यावर चिंचेचे ढीग दिसले. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालंय. बोरसुरीच्या तूरडाळीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही. चिंच, डाळ, कोथिंबीर. एका जिल्ह्याची अख्खी आमटी तयार झाली, मी भाचीला म्हणाले. ती मोबाइलमध्ये होती.

ती शोधत होती सिझलिंग ब्राउनी. उद्योग भवनाच्या मागं ट्युशन एरियात एक दुकान आहे, मैत्रिणीच्या बहिणीनं सांगितलंय म्हणे. गेलो. गुलाबी भिंत, प्लास्टिकची वेल, निऑनमध्ये काहीतरी इंग्रजी. तवा चरचरत आला खरा, पण ब्राउनी आतून फ्रीजइतकी गार आणि आइस्क्रीम पोचेपर्यंत विरघळून सॉसमध्ये मिसळलेलं. किंमत उजनीच्या तीन वाट्यांची. मी काही बोलले नाही. भाचीच म्हणाली, "फोटो चांगला आलाय पण."

ट्युशन एरिया मात्र बघण्यासारखा आहे. आमच्या वेळेला बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं यायला लागली होती आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द रूढ झाला होता, पण क्लास म्हणजे कुणाच्या तरी घराचा वरचा मजला. आता मजल्यांवर मजले, आणि प्रत्येक कोपऱ्यावर नीटमध्ये चमकलेल्या लेकरांचे माणसाएवढे फोटो. त्यांच्या पायाशी गाडे. या गाडेवाल्यांचं घड्याळ वेगळं आहे. एकाला मी विचारलं, किती वाजेपर्यंत असता? तो म्हणाला, "साडेसातची बॅच सुटली की अर्धा तास." सकाळची बॅच सुटते तेव्हा पोहे, दुपारची सुटते तेव्हा वडापाव, रात्रीची सुटते तेव्हा राईस. कोणत्या सरांचा तास लांबतो हेही त्यांना पाठ असतं, कारण तेवढा वेळ तेल तापत ठेवायचं नसतं.

तिथंच निलंगा राईस खाल्ला. हे नाव लातूरबाहेर आता कुठं कुठं पाट्यांवर दिसतं, पण आमच्या वेळेला मी ते खाल्लं नव्हतं. कारण तो उशिरा लागणारा गाडा, सातनंतरचा, म्हणजे पोरांचा. पिवळा मोकळा भात, तेल सढळ, लसूण आणि हिरवी मिरची आधी नाकात जाते मग तोंडात. वर कोथिंबीर, बाजूला कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. कागदाच्या प्लेटला तेलाचा डाग पसरत जातो आणि तो तळाशी पोचायच्या आत खाऊन संपवायचा. उभ्यानं खाल्ला, नाक पुसत. गाड्याभोवती मुलीच जास्त होत्या. पाठीवर सॅक, एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात नोट्स, आणि साडेआठच्या गेटचा हिशोब. मला त्या गर्दीत उभं राहून फार बरं वाटलं, आणि ते भाचीला सांगायला लाज वाटली.

रात्री लॉजवर तिनं विचारलं, "आत्या, इथलं सगळ्यात भारी काय मिळतं?" मी खरं तेच सांगितलं, की ते विकत मिळत नाही. येळवशीची भज्जी, म्हणजे तळलेली भजी नव्हे, रानातल्या भाज्या आणि हिरवे दाणे एकत्र शिजवलेली भाजी. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. त्या दिवशी जिल्ह्याला सुट्टी असते. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपी करतात, आत दगडांचे पांडव मांडतात आणि मग भज्जी, पिठाचे उंडे, गव्हाची खीर, माठातलं ज्वारीचं आंबील. त्या दिवशी होस्टेलातल्या गावाकडच्या पोरी घरी जायच्या आणि ज्यांना जाता यायचं नाही त्यांना दुसऱ्याच्या शेतातलं बोलावणं हमखास यायचं. ते आंबील हॉटेलात ग्लासभर चाळीस रुपयांना मिळालं असतं तर मी तरी घेतलं नसतं. भाची म्हणाली, "आपल्याकडं करतातच की येळवस. मला माहीत नाही का?" बरोबर आहे. धाराशिवकडची पोर ती. मीच वीस वर्षं बाहेर राहून तिला तिचंच सांगत बसले होते.

सोमवारी सकाळी साडेसहाला पुन्हा ट्युशन एरियात. सुशीला खायची होती. पुण्याकडच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो आधी हसतो. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढायचे, कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी, हळद, वरून डाळव्याचं कूट आणि कोथिंबीर. पोह्यांपेक्षा हलकी, आणि गारठली की अगदीच खाववत नाही, म्हणून गाड्यावर थोडी थोडी करतात. आमच्या मेसमध्ये मंगळवारी असायची आणि कायम गार. गाड्यावरची गरम खाल्ली तेव्हा वाटलं, दोन वर्षं आपण या पदार्थाला उगीच शिव्या घातल्या. सोबत मिरचीची भजी घेतली. गाडेवाल्यानं भाचीला विचारलं, "नवीन का? कुठल्या क्लासला?" तिनं सांगितलं. "मग पावणेनऊला येशील तू," तो म्हणाला, आणि दुसऱ्याला वाढायला वळला.

होस्टेलच्या बाईंनी बासुंदीचा डबा बघून बाहेरचं खाणं आत चालत नाही असं सांगितलं. मी म्हणाले, मॅडम, उजनीची आहे. त्यांनी एकदा डब्याकडं बघितलं, मग रजिस्टरमध्ये डोकं घातलं. वरच्या मजल्यावर खोलीत पाच पोरी होत्या. मी खाली गाडीत बसेपर्यंत चमच्यांचा आवाज आला की मला भास झाला, सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला तिचा फोन आला. मागं ट्रॅफिक.

"काय करायलीस गं?"

"मेस बंद आहे ना. गोलाईत आलोय आम्ही चौघी."

"लस्सी?"

"नाही. मोमो. पण आत्या, बाहेर कसं निघायचं गं इथून?"