रेडिओतली खरखर कुठून येते ते शोधताना

बाबांच्या काळातली महिंद्राची एफसी-१५० अजून आमच्या दारात उभी असते. पेट्रोलवरचा छोटा ट्रक, चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन. मार्केट यार्डात हिनं वर्षानुवर्षं गुळाचे रवे ओढलेत. पावसाळा आला की डेल्कोतले (प्लगना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डब्यातले) ठिणगीची वेळ सांभाळणारे पॉइंट खराब व्हायचे आणि जोतिबाच्या चढाला गाडी धापा टाकायची. म्हणून २०१८ मध्ये पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी, जास्त ताकदीची कॉइल बसवली. गाडी अर्ध्या सेल्फला उठायला लागली. पण रेडिओ गेला.

बाबांना गाडीत सांगली आकाशवाणी लागते, मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झ. आता तिथं नुसती टर्रर्र. एक्सिलरेटर दाबला की टर्रर्र दाट होत वर चढायची, निवेदकाचा शब्द कळायचा नाही. या गाडीत इंजिन केबिनमध्येच, दोन सीटच्या मधोमध असतं. वर फक्त पत्र्याचं झाकण, आणि तिथून हातभरावर रेडिओ. किट विकणाऱ्या दुकानदारानं सांगितलं, रेडिओच बदला. मी पैसे काढायच्या बेतात होतो. त्याआधी उद्यमनगरातल्या आमच्या जुन्या वायरमनकडे, तात्यांकडे गेलो.

त्यांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. विचारलं, "तडतडतंय का शिट्टी मारतंय?"

"तडतडतंय."

"मग आल्टरनेटर न्हवं, ठिणगीच. एरियल उपस बघू."

एरियलची पिन काढली आणि तडतड गायब. म्हणजे ती करंटच्या वायरीतून येत नव्हती, हवेतून एरियलवर येत होती. रेडिओच्या वायरीला फिल्टर लावून काही उपयोग झाला नसता. "कुठल्या वाटंनं येती ते आदी बघायचं, पैसं मागनं घालायचं," तात्या म्हणाले. या कामात मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच.

मग त्यांनी खिशातला ट्रान्झिस्टर काढला, स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला आणि चालू इंजिनवरून फिरवला. बॅटरीपाशी शांत. कॉइलपाशी थोडी खरखर. प्लगच्या वायरीजवळ नेला तसा तो ओरडायलाच लागला.

कारण सरळ आहे. ठिणगी म्हणजे एक छोटं प्रक्षेपण केंद्रच. सुरुवातीच्या काळात बिनतारी संदेश ठिणग्यांनीच पाठवत. साडेसातशे आरपीएमच्या आयडलला आमचं इंजिन सेकंदाला २५ ठिणग्या पाडतं, आणि प्लगच्या लांब वायरी एरियलसारखं काम करतात. एफएमवर हा त्रास कमी जाणवतो, मीडियम वेव्हवर प्रत्येक ठिणगी ऐकू येते. आमच्या वायरी जुन्या, आत नुसतं तांबं. मल्टिमीटर लावला तर रोध जवळजवळ शून्य. शिवाय नवी कॉइल जोरदार. आवर घालणारं मध्ये काहीच नव्हतं.

मी कार्बनवाल्या वायरी आणल्या आणि नंबरात 'आर' असलेले प्लग. अशा प्लगच्या पोटात साधारण पाच हजार ओहमचा रोध असतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ चुकू नये म्हणून एक वायर काढायची, एक बसवायची, असं केलं. त्याआधी प्रत्येक वायर मीटरवर धरली, आणि बरं झालं धरली. तीन वायरी काही हजार ओहम दाखवत होत्या, चौथी काहीच दाखवेना. टोकाचा रबरी बूट मागे सरकवून पाहिलं तर पितळी टोपी नुसत्या रबरावर दाबलेली. कार्बनचा काळा धागा तिला टेकलेलाच नव्हता. तशीच बसवली असती तर त्या फटीत आणखी एक ठिणगी पडत राहिली असती. वायर बदलून आणली.

तीन हिस्से तडतड तिथंच संपली. उरलेल्यासाठी खरखर गिळणारा कंडेन्सर आणला आणि पॉइंटच्या जुन्या सवयीनं कॉइलच्या मायनसला लावला. इंजिन मिसिंग करायला लागलं. तात्यांनी तो काढून कॉइलच्या प्लसला लावला, त्याची बॉडी अर्थला घट्ट केली. इलेक्ट्रॉनिक युनिट असेल तर मायनसच्या वाटेला जाऊच नका, युनिट सुद्धा खराब होऊ शकतं.

शेवटचं काम अर्थिंगचं. इंजिन रबरावर, केबिनही रबरावर. म्हणून ब्लॉकपासून चासीला आणि चासीपासून केबिनला विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या टाकल्या. एरियलचा बूड सोडवला तर खाली रंगाचे तीन थर आणि गंज. पॉलिश पेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासला, वरून ग्रीस लावून परत कसला. एवढ्या घासण्यानं इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना घेऊन कागलपर्यंत गेलो. सांगली स्वच्छ लागलं होतं. वाटेत एकदा खरखर आली तसं बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. खरखर तशीच. वर पाहिलं तर हाय टेन्शनच्या तारा होत्या.