तुम्ही विचारलंत म्हणून: आप्पांना सत्काराला का पाठवत नाही

ऑगस्ट जवळ आला की आप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, फोन सुरू होतात. कधी शाळेतून, कधी तरुण मंडळाकडून, आणि आता तर पाहुण्यारावळ्यांकडूनही. "आप्पांना पाठवा की. माजी सैनिक आहेत, शाल-श्रीफळ द्यायचंय, गावाचाच मान आहे." मी नाही म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "मग तुम्ही घरची माणसं त्यांच्यासाठी करता तरी काय?" पहिला प्रश्न मी टाळत आले. दुसऱ्याचा मला राग येतो, आणि रागात धड बोलता येत नाही. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सातारा जिल्ह्यात फौजी काही नवलाचा नाही. अपशिंग्याच्या नावाला 'मिलिटरी' उगाच लागलेलं नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली 46 माणसं गेली. आमच्या खटाव भागातही भावकीत एक तरी पेन्शनीवर आलेला फौजी असतोच. त्यामुळे सत्कारांची सवय झालीय सगळ्यांना. शाली गठ्ठ्यानं आणायच्या, नावं वाचायची, फोटो काढायचा. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं मी म्हणत नाही. पण तुम्ही मला विचारता, तर त्या 15 ऑगस्टला काय झालं तेही ऐकून घ्या.

आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतले, मॉर्टर म्हणजे उखळी तोफांच्या प्लाटूनचे. 1987 च्या जुलैत भारत-श्रीलंका करार झाला आणि शांतिसेना म्हणून आपली फौज लंकेत गेली. सुरुवातीला उत्तर लंकेतल्या जाफन्याच्या तमिळ लोकांनी आपल्या जवानांना हार घातले होते. ऑक्टोबरात वाघांशी, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या एलटीटीईशी, उघड लढाई पेटली. 'ऑपरेशन पवन' ते हेच. आप्पांची पलटण त्याच महिन्यात विमानानं जाफन्याजवळच्या पलालीच्या तळावर उतरली. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परत आली तोवर अकराशेच्या वर जवान गेले होते. परतलेल्या फौजेच्या स्वागताला मद्रासमध्ये खुद्द तिथले मुख्यमंत्री गेले नाहीत. त्यांच्या राज्याच्या राजकारणाची कारणं असतील. पण जहाजातून उतरणाऱ्या शिपायाला त्यातलं काय ठाऊक असणार?

तर ते 15 ऑगस्ट. शाळेचं मैदान. भाच्यानं आदल्या रात्री ब्रासो लावून मेडलं चकचकीत केली होती. त्यातल्या एकाच्या फितीवर बारीक पट्टी आहे, तिच्यावर श्रीलंका कोरलंय. भाचा ती पट्टी जुन्या टूथब्रशनं घासत होता आणि आप्पा शेजारी बसून "हळू, फीत भिजवू नको" म्हणत होते. सकाळी सातला ते ब्लेझर घालून तयार. पाहुण्यांची गाडी यायला दहा वाजले. माजी सैनिकांच्या खुर्च्या उन्हात, मांडव फक्त स्टेजला.

सूत्रसंचालकानं आप्पांचं नाव घेतलं आणि पुढे म्हणाला, "कारगिलच्या बर्फात शत्रूला पाणी पाजणारे आपल्या गावचे वाघ!" टाळ्या. आप्पा उठून माइकजवळ गेले आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. त्यानं माइकवर हात धरला, पण आवाज आलाच: "आप्पा, असू द्या की. पोरांना कारगिल कळतं."

आप्पांनी माइक मागून घेतला. "मी कारगिलला नव्हतो. तिथं लढली ती पोरं येगळी. त्यांचं मी घेणार न्हाई. मी जाफन्याला हुतो, लंकेत." एवढंच बोलून ते थांबले. पुढे बसलेल्या नववी-दहावीच्या पोरांतला एक उठला आणि अगदी मनापासून विचारलं, "आप्पा, लंकेत आपण कुणाशी लढलो?"

आप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ज्यांना राखाय गेलो हुतो, त्यांच्यातल्याच कायींशी."

मला वाटलं, आता ते बोलतील. घरी कधी बोलले नाहीत, निदान इथे बोलतील. तेवढ्यात स्टेजवरून एक जण म्हणाला, "ते जाऊ द्या आप्पा, किती उडवले ते सांगा!" पुन्हा टाळ्या, शिट्ट्या. आप्पांनी माइक परत दिला. शाल त्यांच्या खांद्यावर पडली तेव्हा ते कुणाकडेच बघत नव्हते. तो प्रश्न विचारणारा पोरगा उभाच होता, त्याला मास्तरांनी खाली बसवलं.

घरी आल्यावर त्यांनी शाल घडी करून आईकडे दिली. "ही तिला दे," म्हणाले. आईनं विचारलं, कुणाला? तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं की त्यांच्याच प्लाटूनमधला एक जोडीदार जाफन्याच्या रस्त्यावर सुरुंगात गेला होता, त्याची बायको शेजारच्या तालुक्यात राहते, आणि आप्पा दर वर्षी बाजाराचं निमित्त करून तिच्या दारापर्यंत जाऊन येत होते. कधी आत जात, कधी बाहेरूनच परतत. मी तिशी ओलांडलेली होते. बापाबद्दल एवढी मोठी गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती.

तेव्हापासून ऑक्टोबरात आम्ही सगळे तिच्या घरी जातो. तुम्ही विचारता ना काय करता, तर हे करतो. आई तिची ओटी भरते. विधवेची ओटी भरली म्हणून आमच्याच भावकीत नाकं मुरडली गेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला तेव्हा आई म्हणाली, "मला कुठला ठराव लागला नव्हता." तिथे कुणी भाषण करत नाही. त्या काकू, म्हणजे जोडीदाराची बायको, भाकरी टाकतात, पोरं आवारात खेळतात. आप्पा त्या माणसाच्या खोड्या सांगतात, तो पत्ते खेळताना कसा रडी खेळायचा ते सांगतात. सुरुंगाचं ते बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

दुसरं काम ऐकायला रुक्ष आहे. आईच्या नावापुढचं 'बाई' आधारवर आहे, फौजेच्या रेकॉर्डला नाही. जन्मतारीखही दोन्हीकडे वेगळी. उद्या आप्पांना काही झालं तर फॅमिली पेन्शन तिथेच अडकणार, आणि धावपळ करायची ती म्हातारीनं. म्हणून भावानं प्रतिज्ञापत्र केलं, कागद गोळा केले, साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवले, एक कागद कमी म्हणून परत आले, पुन्हा पाठवले. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, आईचं नाव नीट आलं त्या दिवशी आप्पांनी ते मोठ्यानं वाचून घेतलं, दोनदा. तुमच्याही घरात कुणी पेन्शनर असेल तर आज कपाट उघडून ते नाव तपासा. हारतुरे नंतर होतील.

हयातीच्या दाखल्याचं काम भाच्याचं. तो मोबाइल आप्पांच्या तोंडासमोर धरतो आणि "आप्पा, डोळे मिटा, आता उघडा" करतो. आप्पांचा डावा कान मॉर्टरनं गेलाय, म्हणून तो कायम उजवीकडे बसतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नाही. घरात आम्ही सगळेच उजवीकडे बसतो.

आता जे मला सुटत नाही तेही लिहिते. त्या दिवसानंतर मी ठरवलं, पुन्हा स्टेज नको. माझं म्हणणं सरळ होतं: ज्यांना हा माणूस कुठे लढला हे जाणून घ्यायचं नाही, त्यांच्या हातून शाल कशाला घ्यायची? आजही मला तसंच वाटतं. पण भाऊ विचारतो, "मेडलं तू कमावलीस का? ती छातीवर लावून चारचौघांत बसावं असं त्यांना वाटत नसेल कशावरून?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो पुढे म्हणतो, त्या पोराचा प्रश्न स्टेजवरच आला ना? घरात एवढ्या वर्षांत आपल्यापैकी एकानं तरी विचारला होता का? हेही खरंच आहे. आणि तरी ते "किती उडवले" आठवलं की माझा हात फोन ठेवण्याकडेच जातो. आपण त्यांना जपतोय की कोंडून ठेवतोय, यावर आमची दिवाळीतही भांडणं झालीत.

यंदा शाळेतल्या नव्या बाई फोनवर न थांबता घरी आल्या. वही काढून त्यांनी आप्पांनाच विचारलं, कुठली पलटण, कुठली लढाई, काय सांगायचं, काय सांगायचं नाही. आप्पांनी पलालीचं स्पेलिंगसुद्धा सांगितलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मलाही खुर्ची ठेवा म्हणावं. घर मी सांभाळलंय." बाईंनी तेही लिहून घेतलं.

भाऊ म्हणतो, जाऊ देत. आप्पा "बघू" म्हणालेत. बाई माझ्याकडे होकार मागतायत, आणि मी अजून तो कळवलेला नाही.