तिसरा चौक फाडला, टॉवेल सापडला

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, १९७१ च्या बांगलादेश युद्धातल्या जमालपूरच्या लढाईवरच्या पोवाड्याचे तीन चौक, म्हणजे तीन भाग झाले, आता पुंगलीचा पूल तेवढा राहिला. तो तोरा मंगळवारी उतरला. त्या लढाईत स्वतः असलेल्या आबांना तिसरा चौक म्हणून दाखवला. डफ कडाडतोय, झीलकरी, म्हणजे मागे सूर धरणारे साथीदार, 'जी जी रं जी' करत टिपेला गेलेत, गडी महाराजांचा जयजयकार करत तुटून पडलेत. आबांनी कवळी नीट बसवली आणि म्हणाले, "आरं, वरडलो न्हाई आमी. वरडलो असतो तर तिथंच खलास. घोषणा गोळी सुटल्यावर. आदी मुंगीएवढा आवाज न्हाई."

झालं. अख्खा चौक पाण्यात.

१० डिसेंबर १९७१ ची रात्र. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, नदी ओलांडून जमालपूरच्या मागे रस्ता अडवून बसलेली. आतली पाकिस्तानी पलटण, ३१ बलुच, बाहेर पडणार, याच वाटेने. आबांच्या आठवणीत त्या रात्रीचा मोठा भाग म्हणजे गप्प पडून राहणं. आता गप्प पडून राहण्याचा पोवाडा कसा म्हणायचा? आपला सगळा साजच बोंब मारणारा! डफ काढला तर पोवाडा कसला, आणि वाजवला तर आबा उठून जाणार. चार दिवस हेच. लय कमी करून पाहिली, भजन झालं. नुसतं तुणतुणं ठेवलं, तर भिक्षा मागतोय असं वाटलं.

त्यातच फायबरचा डफ. पावसात कातडं उतरतं म्हणून ऑनलाइन मागवला होता. वाजवला की पत्र्याचा डबा बडवल्यासारखं. कातड्याला पर्याय नाही. शेगडीवर शेकायचा कंटाळा करू नका. तुणतुणं मात्र मिरजेहून आणलेलं, त्याबद्दल तक्रार नाही.

वाट सापडली ती आबांच्याच एका बारक्या वाक्यात. फोनवरचं जुनं रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा ऐकताना कानावर आलं: शेजारच्या गड्याला खोकला झाला होता, तर त्याने टॉवेलाचा बोळा तोंडात कोंबला आणि तसाच पडून राहिला. मी हे दोनदा ऐकून सोडून दिलं होतं, कारण मी शौर्य शोधत होतो.

आता चौक असा: डफाच्या पानाला हात नाही, फक्त कडेवर एक बोट. आणि झील तोंड मिटून. 'जी जी' नाहीच, नुसतं 'हंऽ हंऽ', घशात दाबलेलं. झीलकरी आधी भडकले ("तोंड बंदच ठेवायचं तर बोलावलंस कशाला?"), पण दुसऱ्या फेरीला खोलीत कुणी हलेना. मग पहिली गोळी, आणि तिथे डफावर पहिली थाप. इतक्या उशिरा पडल्यामुळे ती छातीत बसते.

ओलांडलेल्या नदीचं नाव, ब्रह्मपुत्रा, तेही सुटलं. 'ब्रह्म'वर थाप पडली की 'पुत्रा' लटकायचं. आबा नुसतं 'नदी' म्हणतात. मीही तेच केलं.

खरा मोह पत्राचा होता. आपल्या ब्रिगेडियरनी शरण या म्हणून चिठ्ठी धाडली, बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या मुक्तिवाहिनीचे जहुरुल हक मुन्शी ती घेऊन गेले. उलट उत्तर आलं ते बंदुकीची गोळी गुंडाळून: पुढच्या वेळी पेनाऐवजी स्टेन (स्टेनगन) हातात घेऊन भेटा. पेन-स्टेन! शाहिराला आयतं यमक, शत्रूने पाठवलेलं. त्यावर सोळा ओळींचा कटाव, म्हणजे भरभर म्हणायचा यमकांचा तुकडा, तयार आहे. पण आबा म्हणतात, "ते सायबांचं. आमाला मागनं कळलं." म्हणजे आबांच्या तोंडी घालता येत नाही. काढून टाकायचं ठरवलं होतं, पण हे लिहितानाच सुचतंय की कटाव झीलकऱ्याला द्यावा. त्याने मध्येच शाहिराला अडवून सांगायचं, "तुम्हाला ठाऊक नाही, आम्ही सांगतो." ठरलं. म्हणजे पत्राचा दुसरा चौक पुन्हा उसवायचा.

पुंगलीला हात लावलेला नाही. ११ तारखेला टांगाइलजवळ छत्रीने उतरलेली दुसरी पॅरा, म्हणजे मूळची तिसरी मराठाच, पहिलीला पुलावर भेटते. तिथे डफ सुटणार, तेव्हा आबाही अडवणार नाहीत असं धरून चाललोय.

काल नवा चौक ऐकवला:

खोकला आला, टॉवेल चावला,
डोळ्यात पाणी, आवाज गिळला

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिरवा व्हता टॉवेल."

आता 'हिरवा' बसवायचाय. कुणाला सुचलं तर सांगा.