आधी जांघ दाबायला शीक
आज कॅथलॅबमध्ये (एक्स-रेवर बघत रक्तवाहिन्यांतून उपचार करायची खोली) नव्या रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ डॉक्टरने, विचारलं, "सर, एम्बोलायझेशन मला कधी करायला मिळेल?" (एम्बोलायझेशन म्हणजे धमनीतून नळी नेऊन नको ती रक्तवाहिनी आतून बंद करणं.) म्हटलं, आधी जांघ दाबायला शीक. पोरगं हिरमुसलं. पण मी थट्टा करत नव्हतो.

फिमोरल आर्टरीत, म्हणजे जांघेतल्या मोठ्या धमनीत, सुई घालायची ती सोनोग्राफीत बघून, फिमोरल हेडच्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाच्या) समोर. तिथे मागे हाड असतं, म्हणून शेवटी शीथ (धमनीत ठेवलेली छोटी नळी) काढल्यावर रक्त थांबवायला दाबताना आधार मिळतो. फार वर टोचलं तर रक्त पोटाच्या मागच्या बाजूला साचतं. बाहेर काहीच दिसत नाही, पेशंट पाठ दुखतेय म्हणतो आणि बीपी उतरायला लागतं. दाबायचं तेही कातडीवरच्या भोकावर नव्हे, जरा वर, कारण सुई तिरकी गेलेली असते. बोटांखाली नाडी लागली पाहिजे. पंधरा मिनिटं, मध्येच उचलून बघायचं नाही. मोबाईल तर नाहीच नाही.

स्वीडनच्या सेल्डिंगर या रेडिओलॉजिस्टने सुई-वायर-कॅथेटरची युक्ती (सुईतून वायर आत, सुई बाहेर, मग वायरवरून कॅथेटर म्हणजे नळी आत) १९५३ मध्ये छापली. तिच्याच जोरावर १९६४ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला डॉटर या रेडिओलॉजिस्टने, पाय कापू देणार नाही म्हणणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची मांडीतली अरुंद धमनी आतून मोकळी केली. म्हणजे सगळी सुरुवात त्या एका टोचण्यापासून.

आदल्या रात्री क्रिएटिनिन (किडनीसाठी), आयएनआर (रक्त गोठण्यासाठी) बघणं, एक्स-रेपासून बचावाला लेड एप्रन, थायरॉइड शील्ड घालणं, हे ओरडून ओरडून शिकवावं लागतंच. किरणांच्या उगमापासून अंतर दुप्पट केलं की रेडिएशनचा डोस पाव होतो, असं परीक्षेत झाडून सगळे लिहितात. रन (डाय सोडून सलग एक्स-रे चित्रं) घेताना मात्र कोणी पाऊलभर मागे सरकत नाही, सीनियरसुद्धा!