लाईट गेली की आम्ही काय करतो

"सर, लाईट गेली तर तुमचं कसं?" एसटीत, लग्नाच्या पंगतीत, किराणा दुकानात हा प्रश्न मला विचारला जातो. विचारणाऱ्याचा आवाज हळू होतो आणि नजर माझ्या कमरेच्या पट्ट्यावर जाते. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

माझ्या हृदयाच्या डाव्या कप्प्याला एक पंप जोडलेला आहे. हार्टमेट 3 त्याचं नाव. कप्प्यातलं रक्त ओढून तो महाधमनीत सोडतो. त्याच्या आतलं चाक चुंबकावर तरंगत मिनिटाला 5000 च्या आसपास फेरे घेतं. पोटातून बाहेर आलेली वायर कमरेच्या कंट्रोलरला, म्हणजे पंप चालवणाऱ्या छोट्या डबीला जाते आणि कंट्रोलरला दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतात. वीज बाहेरूनच यायला हवी, दिवसरात्र.

लाईट गेल्या क्षणी काही होत नाही. दिवसा मी बॅटऱ्यांवरच असतो. रात्री मात्र कंट्रोलर भिंतीच्या प्लगवरच्या यंत्राला जोडून झोपतो, कारण गाढ झोपेत बॅटरी संपत आल्याचं कळलं नाही तर पंचाईत. रात्री लाईट गेली की प्लगचं यंत्र ओरडून उठवतं. त्या ओरडण्यापुरते त्यात तीन पेन्सिल सेल असतात, ते आम्ही दर सहा महिन्यांनी बदलतो. कंट्रोलरच्या पोटातही छोटी बॅटरी आहे, साधारण 15 मिनिटांची. तेवढ्या वेळात मी उठून बसतो, बायको उजेड धरते. आधी एक वायर सोडवून बॅटरीला लावायची, ती बसल्याची खात्री करायची, मगच दुसरी. दोन्ही एकदम कधीही सोडवायच्या नाहीत. हे आम्ही दोघांनी डोळे मिटून शंभरदा तरी केलं असेल.

आमच्या गावात टॉर्चला बॅटरीच म्हणतात. सुरुवातीला अंधारात "बॅटरी आण" म्हटलं की पुतण्या टॉर्च घेऊन धावत यायचा. तेव्हापासून आमच्या घरात टॉर्चला टॉर्चच म्हणायचं, असं ठरलं आहे.

भिंतीवरचं बटणही आमची डोकेदुखी होतं. ते प्लगचं यंत्र बटणाने बंद होईल अशा ठिकाणी लावू नका, असं हॉस्पिटलात सांगितलं होतं. पण आपल्याकडे बटण नसलेला प्लग असतो कुठे? एकदा पाहुण्यांच्या मुलाने मोबाईल लावायला म्हणून ते बटण बंद केलं आणि अलार्मने घर दणाणून गेलं. दुसऱ्या दिवशी सुताराने त्यावर लाकडी खोकं ठोकून दिलं. वायरिंग आणि अर्थिंग मी घरी यायच्या आधीच नव्याने करून घेतलं होतं.

पण मला भीती या अर्ध्या तासाच्या लाईट जाण्याची नाही. मी दापोली तालुक्यातला. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा पंप नव्हता, नुसता दमा लागल्यासारखा श्वास होता. आमच्या वाडीतले खांब आडवे झाले आणि महिना सरत आला तरी लाईट नव्हती. रोज संध्याकाळी कोणीतरी ओटीवर बसून म्हणायचं, "येईल हो आत्ता." पुढे डॉक्टरांनी पंपाची गोष्ट काढली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते दिवस आले. मी डॉक्टरांना पहिला प्रश्न लाईटचाच विचारला होता.

म्हणून आमचा सगळा हिशेब तासांचा आहे. माझ्याकडे आठ बॅटऱ्या, म्हणजे चार जोड्या. नवी जोडी 17 तासांपर्यंत चालते, पण बॅटऱ्याही म्हाताऱ्या होतात, म्हणून मी दहाच धरतो. स्वयंपाकघरात शाळेतली जुनी पाटी टांगली आहे. लाईट गेली की बायको त्यावर वेळ लिहिते आणि संपलेल्या जोडीवर काट मारते. चार्जरमध्ये चार बॅटऱ्या एकदम बसतात, भरायला चार तास लागतात. घरी इन्व्हर्टर आहे, पण पंप थेट त्यावर मी कधी लावत नाही. चार्जर लावतो, तोही हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरना मॉडेल कळवून, त्यांनी हो म्हटल्यावर. पाटीवरच्या हिशेबात इन्व्हर्टर धरत नाही.

आणि एक नियम: दोन जोड्या उरल्या की निघायचं. ओळखीच्या एका लॉजवर जनरेटर आहे, तिकडे. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला असेल तर आदल्या दिवशीच, कारण घाटीत झाड पडलं की रस्ता गेलाच. पिशवी दाराशी भरलेली असते. तिच्यात दुसरा कंट्रोलर, चार्जर, रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि एक कार्ड, ज्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की या माणसाची नाडी हाताला लागणार नाही, आधी पंप चालू आहे का पाहा.

महावितरणच्या कार्यालयात डॉक्टरांचं पत्र दिलेलं आहे, पण खरा आधार आमच्या वायरमनचा. लाईन बंद करायची असली की सकाळीच त्याचा फोन येतो, "सर, अकरा ते चार काम आहे, चार्जिंग करून घ्या." पावसात खांबावर चढणारा हा मुलगा माझ्या हृदयाची काळजी करतो. मी त्याला शाळेत शिकवलेलं नाही, तो दुसऱ्या गावचा आहे.

गेल्या जुलैत शनिवारी संध्याकाळी लाईट गेली. रविवारी दुपारी पाटीवर दोन काट होत्या. शेजारचे अण्णा म्हणाले, "डीपीचं काम चालू आहे, मी बघून आलो. येईल आत्ता, कशाला पावसात निघता?" मीही रेंगाळलो. खरं तर मला जेवून पडायचं होतं. बायकोने काही उत्तर दिलं नाही, पिशवी रिक्षात ठेवली आणि मला चपला आणून दिल्या.

आम्ही लॉजवर पोचून चार्जर लावला आणि तासाभरात अण्णांचा फोन आला, लाईट आली होती. "बघा, म्हटलं नव्हतं?" बायको म्हणाली, "बरं झालं आली. पुढच्या वेळीही आम्ही निघणारच, अण्णा." मग आम्ही तिथेच बसलो, चार्जरचे चारही दिवे हिरवे होईपर्यंत.