पोराबाळांसकट म्हैसूर दसरा: जंबू सवारी सोडा, आधीचा आठवडा पकडा

म्हैसूरच्या दसऱ्याला निघालोय म्हटलं की जो तो एकच सांगतो, जंबू सवारी (विजयादशमीला राजवाड्यातून निघणारी हत्तींची मिरवणूक) चुकवू नका. मी उलटं सांगते. बरोबर लहान पोरं आणि वयस्कर माणसं असतील तर विजयादशमीच्या दिवशी राजवाड्याच्या आसपास फिरकू नका, त्याच्या आधीच्या आठवड्यात जा. आम्ही नवरात्राच्या सुरुवातीलाच गेलो, बरोबर सासूबाई, थोरला आठवीतला आणि धाकटी बालवाडीतली, आणि बघण्यासारखं जवळपास सगळं धक्काबुक्की न करता बघून झालं.

आता हत्तींचं बघा. सवारीचे हत्ती दसऱ्याच्या बरेच आठवडे आधीच जंगलातल्या कॅम्पमधून येतात, माहुतांची कुटुंबंही सोबत असतात, मुक्काम राजवाड्याच्याच आवारात. रोज राजवाडा ते बन्नीमंटप (सवारी जिथे संपते ते मैदान) अशी साधारण ५ किमीची तालीम असते, आणि ती रस्त्यावरून जाते म्हणजे बघायला तिकीट नाही की पास नाही! आम्ही सकाळी लवकर सयाजीराव रोडला फुटपाथवर जाऊन थांबलो (रस्त्याचं नाव वाचून सासूबाई एकदम खूश). सोन्याची अंबारी तब्बल ७५० किलोची, त्यामुळे सवय व्हावी म्हणून आधी हत्तीच्या पाठीवर वाळूची पोती लादून चालवतात, नंतर लाकडी अंबारी. आमच्यासमोरून जो गेला त्याच्या पाठीवर पोतीच होती, दोरखंड पोटाखालून आवळलेले, आणि त्याचे पाय डांबरावर पडताना आवाज म्हणाल तर काहीच नाही, फक्त गळ्यातली घंटा. धाकटी अख्खा वेळ तोंड उघडं टाकून बघत होती. सवारीच्या दिवशी हेच हत्ती हजारो डोक्यांच्या वरून सोंडेचं टोक दिसलं तर दिसतात. २०१२ ते २०१९ अंबारीचा मान अर्जुन हत्तीचा होता, २०२० मध्ये अभिमन्यूकडे आला, आणि तिथले रिक्षावालेसुद्धा हत्तींबद्दल असं बोलतात की जणू घरचीच पोरं आहेत.

बाकी तोफांचीही तालीम असते. सवारीला २१ तोफांची सलामी देतात, त्या आवाजाला हत्ती-घोडे बिचकू नयेत म्हणून आधीच सवय करतात. त्याची वेळ हॉटेलवाल्याला विचारून ठेवा, तान्हं बाळ असेल तर त्या वेळी लांबच राहा.

राजवाडा आतून बघायचा तर सकाळी दार उघडल्या उघडल्या आत शिरा, साडेदहा-अकरानंतर शाळांच्या सहली येतात आणि मग नुसती रांग पुढे सरकत राहते. चपला बाहेर काढाव्या लागतात, पोरांना मोजे घाला. आणि तारीख नीट बघून जा, कारण नवरात्रात राजघराण्याचा खासगी दरबार असतो, पहिल्या दिवशी, आयुधपूजेला आणि विजयादशमीला पर्यटकांना काही तास किंवा दिवसभर बंद असतं.

जुना लाकडी वाडा १८९७ मध्ये लग्नघरात आग लागून जळाला, आताचा हेन्री अर्विन या ब्रिटिश आर्किटेक्टने बांधला, १९१२ ला पूर्ण झाला. गाइड हे सगळं सांगतातच, पण मुलं असतील तर वेळ कल्याणमंटपात, म्हणजे राजवाड्यातल्या लग्नाच्या दालनात, घालवा. वर मोरांच्या नक्षीची रंगीत काच, आणि खाली भिंतींवर चहूबाजूंनी दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रं! हत्ती, घोडे, बँडवाले, पालख्या, बघ्यांची गर्दी, सगळं. तेव्हा अंबारीत महाराज बसायचे, आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते. थोरल्याला काम दिलं, आत्ता रस्त्यावर जे बघितलं ते यात शोध, तर पठ्ठ्या तिथून हलेना. जंबू सवारी मला तरी तिथेच जास्त नीट दिसली.

संध्याकाळचं लायटिंग तर बघायलाच हवं. लाखाच्या आसपास बल्ब आहेत, एरवी फक्त रविवारी आणि सरकारी सुट्टीला लागतात पण दसऱ्यात रोज. समोर स्टेजवर शास्त्रीय संगीत, नृत्य वगैरे चालू असतं, पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या आणि पासवाल्यांच्या, तुम्ही मागे राहिलात तरी आवाज छान येतो. दिवे लागायच्या अर्धा तास आधी जागा धरा. ऑक्टोबरात संध्याकाळी पाऊस हमखास गाठतो, छत्रीने मागच्याला काही दिसत नाही म्हणून रेनकोटच न्या.

दुपारी पोरं कंटाळली की बाहुल्या. नवरात्रात तिकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, राजवाड्यातही बाहुल्यांचं दालन आहे, आणि नझरबादला झूजवळ रामसन्सचं बोंबे मने (बाहुल्यांचं प्रदर्शन) असतं, तिथे विकतही मिळतात. लाकडी राजा-राणीची जोडी मानाची, ती आधी बसवतात. सासूबाई तिथे रमल्या, त्यांना गौरीची आरास आठवली. कुप्पण्णा पार्कातला फ्लॉवर शो पण बरा आहे, दसरा एक्झिबिशन मात्र जत्राच, पाळणे आणि तळलेलं, वेळ उरला तरच जा. झू एरवी मंगळवारी बंद असतं.

राहायचं दोन-तीन महिने आधी बुक करा, दसऱ्याच्या दोन दिवस आधीपासून भाडी दुप्पट होतात, आम्हाला एका लॉजवाल्याने आधी ठरलेला रेटच नाकारला, मेसेज दाखवल्यावर गप्प बसला, तेव्हा जे काय ठरेल ते लेखी घ्या. राजवाड्यापासून चालत जाता येईल असंच बघा कारण संध्याकाळी रस्ते बंद करतात आणि रिक्षा मिळत नाही. दादर-म्हैसूर शरावती एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच, ती नाही जमली तर बेंगळुरूला जाऊन पुढे तीन तासांत पोचता.

सवारी बघायचीच असा हट्ट असेल तर दसऱ्याचं गोल्ड कार्ड (बसून बघायचा पास) ऑनलाइन निघतं त्यावर नजर ठेवा, फार पटकन संपतं. आणि दसरा हुकलाच तर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राजवाड्याच्या आवारात फुलांचं प्रदर्शन आणि गाण्याचे कार्यक्रम असतात, हत्ती नसतात पण थंडी छान असते, नाताळची सुट्टीही असते. नाताळात गर्दी असतेच पण दसऱ्याच्या मानाने काहीच नाही.